सातजणींचं मखर

८ जून, ताइनान

आई,

फोन केला की तू "हं" म्हणतेस, आणखी एकदा "हं" म्हणतेस, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून ठेवून देतेस. तिकडे मामांच्या बेटावर तुला इतकं कोण हाका मारतं कुणास ठाऊक. म्हणून पत्र लिहिते आहे. हे मध्येच बाजूला ठेवलंस तरी पुढचा मजकूर तिथेच राहील.

काम एकच आहे. आयुनला यंदा सोळावं लागलं, पोटातलं वर्ष धरून. सातव्या महिन्याच्या सप्तमीला तिला देवळात सातजणी देवींच्या कागदी मखराखालून जायचं आहे. मखर बाबा करतीलच. एका बाजूने ते धरतील. दुसरी बाजू तुझी आहे.

आत्या म्हणते, तुझी वाट बघायचं काही कारण नाही. "मी काय मेले? सासूला उचलून न्हाऊ घातलंय या हातांनी. कागदाचं मखर जड होणार आहे मला?" पण आयुन ऐकायला तयार नाही. जेवताना सरळ म्हणाली, "आई धरणार असेल तर जाईन. नाहीतर मी जन्मभर पंधराचीच बरी. बसला अर्धं तिकीट लागतं."

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मग राहू दे." आणि वाडगं उचलून मोरीत ठेवून आले.

दोघंही बोललेलं मागे घेणारी नाहीत हे तुला माहीत आहे. गल्लीतल्या सगळ्यांची मखरं आपल्या दुकानातून जातात, आणि आपल्याच घरची मुलगी राहिली तर लोक काय म्हणतील याची आत्याला काळजी आहे. मला ती नाही. मला वेगळी काळजी आहे. विद्यापीठात पदवी घेताना मी काळा झगा घातला, टोपी उडवली. आपल्या घराण्यात ती टोपी उडवणारी मी पहिलीच. पण त्या दिवशी मला मोठं झाल्यासारखं वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मखराखालून बाहेर आले तेव्हा मात्र वाटलं होतं. वर बघितलं तर एकीकडे बाबा, एकीकडे तू. ज्यांनी वाढवलं त्यांनीच चारचौघांत सोडून दिलं, जा, आता तू तुझी. असा क्षण प्रत्येक माणसाला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. आयुनलाही.

माझ्या त्या दिवसानंतरच्या सकाळी काय झालं, ते राहू दे.

कपडे आणि बूट आजोळहून यायचे असतात. आत्या म्हणते, बाजारातून आणू आणि आजोळचे म्हणून सांगू. मला ते खोटं नको आहे. तू ये, आणि येताना घेऊन ये.

वान-छिंग


२३ जून

आई,

माकुलं मिळाली. मामांनी वाळवली आहेत की तू? पुडक्यात चिठ्ठी नव्हती. आत्याने पुडकं उलटं करून झटकलं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "तिच्याकडे माकुलंच बोलतात वाटतं." मग त्यातलं सगळ्यात मोठं स्वतःसाठी काढून ठेवलं.

बाबांनी एक विस्तवावर भाजलं आणि दुकानात उभ्या उभ्या खाल्लं. त्यांनी आयुनच्या मखराचे बांबू चिरायला घेतले आहेत. "राहू दे" म्हणाले होते, तरी घेतले. मी काही विचारलं नाही. विचारलं की ते थांबतात.

माझं काम बरं चाललं आहे. सकाळी पर्यटकांची एक टोळी, संध्याकाळी एक टोळी, मधल्या उन्हात कुणी येत नाही. जुन्या कालव्यांच्या भागातून फिरवते, देवळं दाखवते, बुजवलेला कालवा रस्त्याखालून कुठून जातो ते पायाने दाखवते. आत्या ओळखीपाळखीच्या बायकांना सांगते, "चार वर्षं इतिहास शिकली, आता लोकांना आपलीच गल्ली दाखवते. मी फुकट दाखवली असती." पण परवा तिच्या मैत्रिणीची भाची आली होती, तर तिला माझ्याच टोळीत घुसवलं आणि स्वतः मागे मागे फिरत राहिली.

आमचे मालक हो साहेब आणि माझं मात्र वाजलं. सप्तमी जवळ आली की जोडपी येतात, आणि हो साहेबांना वाटतं मी त्यांना आकाशातल्या प्रेमिकांची गोष्ट सांगावी, वर्षातून एकदा भेटतात ती. मी गोदीवरच्या मुलांची सांगते. सोळाव्या वर्षापर्यंत अर्धी मजुरी, सोळावं लागलं की पुऱ्या माणसाची, म्हणून आईबाप देवळात येऊन सातजणींचे आभार मानायचे. पोर हाती लागलं म्हणून.

"हातात हात घालून आलेल्या पोरांना तू मजुरी काय सांगतेस?" हो साहेब म्हणाले.

"तीच खरी गोष्ट आहे, साहेब."

"खरी गोष्ट ऐकायला लोक शाळेत जातात. इथे बर्फाचा गोळा खायला येतात."

"मग गोळा खाता खाता ऐकतील."

त्यांनी डोकं धरलं. कामावरून काढलं नाही. काल एका बाईने विचारलं, आत्ता मखराखालून जाता येईल का, फोटोपुरतं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, पैसे देते. मी म्हटलं, बाई, त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी तुमची माणसं लागतात. मग तिने देवळाच्या मांजराचा फोटो काढला.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही.

वान-छिंग


९ जुलै

आई,

चिठ्ठी मिळाली. दोन ओळी का होईना. "कपडे शिवून पाठवते. मी त्या सातजणींपुढे वाकणार नाही, म्हणून येत नाही."

बाबांना दाखवली नाही. आयुनला अर्धी दाखवली, कपड्यांची.

आई, एवढं मला कळतं. सोळा होईपर्यंत पोरांना राखणं हे त्यांचं काम. आयान आठ वर्षांचा होता. एक आठवडा ताप, आणि माझा धाकटा भाऊ गेला. त्यानंतर वर्षाच्या आतच माझी सप्तमी आली आणि तुला त्याच देवळात उभं राहून माझ्याबद्दल आभार मानायला लावलं. त्याचं नाव तू चिठ्ठीत लिहिलं नाहीस. मीही आधीच्या दोन पत्रांत लिहिलं नव्हतं. आपल्या घरात कुणीच घेत नाही.

चिठ्ठी वाचून मी तशीच देवळात गेले आणि कौल लावला. म्हटलं, आई येईल का, आणि ती न वाकता मखर धरेल तर चालेल का. कौलाचे दोन्ही चंद्रकोरी लाकडी तुकडे सपाट पोटं वर करून जमिनीवर डुलत राहिले. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकले. पुन्हा हसली. मागून आवाज आला, "काय गं ए इतिहासकार, काय विचारलंस?"

आत्या उदबत्त्या घेऊन उभी होती.

"विचारलं काहीतरी."

"एक गोष्ट विचारलीस की दोन?"

"दोन."

"एका कौलात दोन! रोज परक्या माणसांना शिकवतेस ना, एका वेळी एकच विचारा म्हणून? आणि आधी नाव-पत्ता सांगितलास का?"

पत्ता सांगितला नव्हता. लहानपणापासून याच देवळात खेळले, मला वाटलं त्या ओळखत असतील.

"अगं, पत्ता न सांगता दोन-दोन प्रश्न. हसतील नाही तर काय रडतील? बरं, विचारलंस काय ते तरी सांग."

मी सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उदबत्त्या खोचून निघून गेली. मग मी नीट बसले. नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घराचा नंबर सांगितला. तू येशील का हे विचारलंच नाही, कारण ते त्यांच्या हातात नाही, तुझ्या आहे. एवढंच विचारलं, न वाकता धरलं तर चालेल का. लगेच होकार आला.

तेव्हा आता तुला न येण्याचं कारण उरलेलं नाही.

वान-छिंग


२५ जुलै

आई,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. होकार लगेच आला नव्हता. आधी नकार आला, दोन्ही तुकडे सरळ पालथे. मला वाटलं घराचा नंबर जुना सांगितला की काय. पुन्हा टाकले, पुन्हा पालथे. मग मी गुडघ्यांवर बसून वाद घातला. म्हटलं, तुम्ही सातजणी आहात आणि तरी एक पोर तुमच्या हातून निसटलं. त्याची आई एकटी होती. तिने ताठ उभं राहायचं ठरवलं तर त्यात तुमचं काय कमी होतं? ती तुम्हांला शिव्या द्यायला येत नाही, मुलीला तुमच्या राखणीतून सोडवायला येते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पूजा करत होते, ते हळूच दोन पावलं सरकले.

त्यानंतर होकार आला, एक तुकडा उताणा, एक पालथा. असा भांडून मिळवलेला होकार चालतो का, मला माहीत नाही. कुणाला विचारायचा धीर झाला नाही. पण तुला खोटं सांगून बोलावणं बरं नाही, म्हणून लिहिते.

कपडे आले. वादळामुळे बोट बंद होती, म्हणून उशीर झाला असेल. शिवण फार सुंदर आहे. आई, बाह्या तिच्या मनगटाच्या बऱ्याच वर राहतात. पायजमा पोटरीवर. बूट चढतच नाहीत. तू बहुतेक माझ्या मापाने अंदाज केलास. आयुन माझ्यापेक्षा उंच झाली आहे, बाबांच्या कानाशी येते. तिने आरशात बघितलं आणि इतकी हसली की खाली बसली. मग हसणं थांबल्यावरही बराच वेळ तशीच बसून राहिली. मी म्हटलं, दुसरे आणू. ती म्हणाली, "हेच घालणार."

म्हणून संध्याकाळी आत्या बाह्यांना दुसरं कापड जोडायला बसली. मी सुईत दोरा ओवून देत होते. तिला आता दिसत नाही, पण कबूल करत नाही. बाही उसवता उसवता म्हणाली, "तू त्या दिवशी सातजणींना हेच विचारत होतीस ना? तिने वाकावं की नाही?"

मी म्हटलं, "हो."

"तुझ्या वेळेला तिची मान मीच दाबली होती."

मी ओवलेली सुई तिच्यापुढे धरली.

"सगळी गल्ली बघत होती. मुलीची आई ताठ उभी, खांबासारखी. मी मागे गेले, मानेवर हात ठेवला आणि खाली केली. काही जोर लागला नाही गं. कोंबडीसारखी हलकी मान होती तिची."

"बाबांनी बघितलं?"

"तुझ्या बापाचे डोळे मखरावर. कुठे फाटेल की काय म्हणून. दुसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा मी म्हटलं, गेली तर गेली, बेटावरच्या बायका अशाच. सगळ्यांना तेच सांगत राहिले." मग तिने दोरा दाताने तोडला. "दुसरा ओव. आणि लांब घे, कंजूसपणा करू नकोस."

आई, मी मखराखाली रांगत होते तेव्हा मला फक्त पाय दिसत होते. तुझ्या टाचा दिसल्या, मग मागून आत्याचे काळे बूट आले. मला वाटलं गर्दीने ढकललं असेल. आणि नऊ वर्षं मला असं वाटत होतं की तू माझं सोळावं उरकायचीच वाट बघत थांबली होतीस. म्हणजे मी आणखी वर्षभर लहान राहिले असते तर तू आणखी वर्षभर थांबली असतीस. मी कुणाला हे कधी म्हटलं नाही. आता तसं वाटत नाही.

बूट इथे घेतले आहेत. ते आजोळचे आहेत असं मी सांगणार नाही.

वान-छिंग


६ ऑगस्ट

आई,

सप्तमी पंधरवड्यावर आली आणि तुझं उत्तर नाही. आयुन विचारत नाही. पोस्टमनची गाडी वाजली की मात्र जिन्यावरून खाली येते आणि पाणी प्यायला आल्यासारखं करते. बाबांचं मखर तयार आहे, दुकानाच्या मागच्या बाजूला, वर जुनी चादर टाकून ठेवलं आहे. आत्या म्हणते, यंदा फार रंग घातले.

आता मी तुला एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगू नकोस असं बाबांनी मला म्हटलं नव्हतं. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं, म्हणून मी समजले की सांगायची नाही.

दोन वर्षांपूर्वी, सप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीतल्या बायकांची बस यात्रेला गेली होती. आत्याही गेली होती. आयुन शाळेत. दुपारी बाबांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला हाक मारली. मागच्या अंगणात एक मखर उभं होतं. सगळी गिऱ्हाइकं आदल्या दिवशीच आपापली घेऊन गेली होती. हे कुणाचं नव्हतं. लहान होतं, पण सातही मूर्ती होत्या, झालर होती, सगळं होतं.

बाबा म्हणाले, "तिकडून धर."

मी धरलं. आम्ही ते उचललं आणि उभे राहिलो. बाबा खाली बघत होते, मखराखालच्या फरशीकडे. पोर रांगत पुढे सरकतं तसतशी त्यांची नजर सरकत होती. एकदा. मग माझ्या मागून वळसा घेऊन पुन्हा, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा नजर डावीकडे वळली, मुलगे बाहेर पडतात त्या बाजूला, आणि तिथे थांबली. मग आम्ही मखर खाली ठेवलं आणि फेऱ्या झाल्यावर सगळे जाळतात तसं त्यांनी ते पेटवलं. आत्याला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. जे पोर नाही त्याचं मखर जाळत नाहीत. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

राख गार झाल्यावर त्यांनी ती झाडून भरली, शटर वर केलं आणि गिऱ्हाइकाला मेलेल्या माणसासाठी जाळायच्या कागदी घराची किंमत सांगू लागले.

मला तेव्हा काही कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला लगेच कळलं. त्या वर्षी आयानला सोळावं लागलं असतं.

तू जायच्या आधी एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली होतीस, तुझा बाप रडला नाही, तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. खरं आहे, उघडलं. मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांनी तुला तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं, काहीही, आणि त्यांना आलं नाही. मी फक्त बघितलेलं सांगते आहे. त्या दुपारी तुझी बाजू मी धरली होती. मखर हलकंच असतं, बांबू आणि कागद. पण ती जागा माझी नव्हती, आणि मला ते हातांत कळत होतं.

बोट सप्तमीच्या आदल्या सकाळी आहे. वाकायला बोलावत नाही. धरायला बोलावते आहे. मी बंदरावर येणार नाही, माझी टोळी आहे. घरी ये, नाहीतर सरळ देवळात ये.

वान-छिंग


२५ ऑगस्ट

आई,

तू समोरच होतीस, मग झालेलं तुलाच काय सांगायचं? पण तू मखराच्या त्या बाजूला होतीस आणि मध्ये कागद होता. इकडचं तुला दिसलं नसेल.

आदल्या दिवशी तू आली नाहीस. संध्याकाळी आत्याने तांदळाच्या मऊ गोळ्या केल्या, अंगठ्याने प्रत्येकीत खळगा पाडला, सातजणींची आसवं मावायला, आणि एकदाही तुझं नाव काढलं नाही. तिच्यासाठी हे फार झालं. बाबांनी मखरावरची चादर काढली, पुन्हा घातली. आयुन लवकर झोपली, किंवा भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. हो साहेब आपली जोडपी घेऊन कडेला उभे होते आणि माझ्याकडे बघून गोळा खात होते. आयुन जोड दिलेल्या बाह्यांत उभी होती. आमचा नंबर जवळ आला तसं मी बाबांच्या समोरची बाजू धरायला गेले, कारण आत्याला आयुनने धरू दिलं नसतं आणि कुणीतरी धरायला हवंच होतं. आयुन म्हणाली, "ताई, नको." तेवढंच. बाबांनी मखर उचललंच नाही. रांग मागून सरकत होती आणि ते बांबूवर हात ठेवून नुसते उभे होते.

तेव्हा आत्या ओरडली, "आली गं बाई!"

तुझी टोपी मला नंतर दिसली. तू गर्दीतून आलीस, आयुनकडे बघितलंस, मग मान वर करून पुन्हा बघितलंस. तिच्या उंचीचा तुला अंदाजच नव्हता. आत्या म्हणाली, "वाळलीस." तू म्हणालीस, "बोटीला गर्दी होती, काल जागा मिळाली नाही. आज पहाटेची मिळाली." आणि पिशवी माझ्या हातात देऊन सरळ माझ्या जागी उभी राहिलीस. मी बाजूला झाले. इतका आनंद मला बाजूला होताना कधी झाला नव्हता.

आत्या जाऊन तुझ्या मागे उभी राहिली ते तुला जाणवलं असेल. मी घाबरले. पण तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट. पुजाऱ्यांनी आभार मानायला सांगितलं तेव्हा सगळे वाकले. बाबा वाकले, मी वाकले, आयुन वाकली. तू ताठ होतीस. आत्या तुझ्या मागे ताठ होती. तुझ्याकडे कुणी बघू नये म्हणून तीही वाकली नाही. तिच्या उभ्या जन्मात असं झालेलं नाही, आणि घरी आल्यावर तिने त्याबद्दल तीनदा क्षमा मागितली, तुझी नव्हे, देवीची.

मग तुम्ही दोघांनी मखर उचललं. आयुन रांगली. तिसऱ्या फेरीला उजवीकडून बाहेर आली, उभी राहिली, केस चेहऱ्यावरून बाजूला केले. तू तिच्याकडे बघत होतीस, म्हणून तुला बाबा दिसले नाहीत. ते मखर खाली ठेवत नव्हते.

कर्णा घेतलेली स्वयंसेवक मुलगी बाबांना म्हणाली, "खो काका, झालं ना? पुढे घ्या, मागे रांग आहे."

बाबा म्हणाले, "अजून एक आहे."

ती मुलगी वाकून मखराखाली बघू लागली. "कोण, काका? कुणीच नाही."

आणि आत्या! दोन वर्षांपूर्वीचं तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलेलं नाही. तिने बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं, आणि त्या मुलीवर खेकसली, "बहिरी आहेस का गं? अजून एक आहे म्हणाला ना तो? कर्णा खाली ठेव."

तू मग बाबांकडे बघितलंस. कागदावरून, झालरीच्या वरून. ते मला दिसलं, पण त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते तुमचं आहे. मी डाव्या बाजूला उभी होते. मी मागे सरकले आणि आयुनलाही ओढलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने मागच्या दोन-तीन माणसांना हाताने सरकवलं. वाट मोकळी झाली. तीन वेळा जाऊन यायला एका मुलाला लागतो तेवढा वेळ आम्ही सगळे उभे राहिलो. हो साहेबांनी गोळा खाणं थांबवलं होतं.

मखर जळताना तू आयुनच्या बाहीचा जोड बोटांनी चाचपत होतीस. आत्या म्हणाली, "मीच लावलाय. टाके बघू नकोस." तू म्हणालीस, "बारीक आहेत." मला वाटतं तुम्हा दोघींचं यापुढे याहून जास्त काही बोलणं होणार नाही, आणि पुरेसंही आहे.

तू दुपारच्या बसने निघालीस. मी एक मोठं वाक्य तयार करून ठेवलं होतं, थांब म्हणून. रस्त्यात म्हणणार होते. पण तू खिडकीत बसलीस आणि आयुनने बाहेरून काचेवर हात ठेवला तेव्हा मला दिसलं की ती तुला थांबवत नव्हती. निरोप देत होती, मोठ्या माणसासारखा. मग मी माझं वाक्य ठेवून दिलं. तू धरायला आलीस आणि धरलंस. त्याहून जास्त मागितलं तर मी तुला फसवून बोलावल्यासारखं झालं असतं.

आयुन काल बसला पूर्ण तिकीट काढून आली. ड्रायव्हर म्हणाला, अर्धं चालेल. तिने ऐकलं नाही.

हे लिहिताना बाबा समोर कागदी मोटार चिकटवत बसले आहेत, कुणाच्या तरी वारलेल्या आजोबांसाठी जाळायची. आत्ताच त्यांनी विचारलं, "पत्र लिहितेस?"

"हो."

मोटारीचं चाक हातात घेत म्हणाले, "तिला बोट लागते. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सबंध वाट आजारी होती." मग चाकाला खळ लावली. चाक बसवलं. "विचार तिला, जाताना लागली का."

"तुम्हीच विचारा ना. फोन आहे."

त्यांनी ब्रश खळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "नको. तू लिही."

तर बाबा विचारताहेत, जाताना बोट लागली का. उत्तर त्यांच्या नावाने पाठव.

वान-छिंग